पहाटे तीनला थांबणारं घड्याळ

[दृश्य: रत्नागिरीची बाजारपेठ, सकाळ. अर्धं वर गेलेलं शटर.]

चार फुटांचा काउंटर, त्यामागे एक टेबल आणि टेबलावर वाकलेला दिवा. दुकान एवढंच. डोळ्याला भिंग लावायच्या आधी घड्याळजी काका समोरच्या चाचांचं सगळं ऐकून घेतात.

‘हातात असेपर्यंत चालतं. रात्री काढून उशाशी ठेवलं की पहाटे बंद.’

‘रोज त्याच सुमाराला?’

‘दोन, तीन, साडेतीन.’

‘आणि दिवसभर हिंडता-फिरता ना?’

‘बाजार, मशीद, संध्याकाळी जेटीपर्यंत.’

झाकण अजून उघडलेलं नाही, पण निम्मा तपास इथेच झाला. चाकात कुठे कचरा अडकला असता तर घड्याळ कधीही थांबलं असतं, अगदी भर दुपारी हातावरसुद्धा. हे मात्र काढून ठेवल्यावर ठरावीक तासांनीच थांबतंय. म्हणजे याचं पोट पुरतं भरत नाहीये. चाचा याआधी दोन दुकानांत जाऊन आलेत. दोन्हीकडे घड्याळ न उघडताच उत्तर मिळालं होतं: मशीन बदला.

[दृश्य: तबकडी, अगदी जवळून.]

सेको फाइव्ह. आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगांमधून ही घड्याळं कोकणात आली. चाचांनी हे कुवेतमध्ये घेतलं. तीनच्या आकड्याशी एकाच खिडकीत वार आणि तारीख दिसते. चावी नेहमीच्या जागी नाही, खाली चारजवळ आत दडलेली आहे, कारण या घड्याळाला चावी द्यावीच लागत नाही. मनगट हलतं, आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. ‘फाइव्ह’ हे नाव जपानमध्ये 1963 साली आलं. या कल्पनेला मात्र त्याहून जुना इतिहास आहे. जॉन हारवूड नावाच्या इंग्रज घड्याळजीने 1920च्या दशकात ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ बनवलं ते धुळीला वैतागून. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत धूळ आणि ओल शिरते ती चावीच्या भोकातून, हे त्याने हेरलं होतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात एकदा घड्याळ वापरून पाहा, त्याचं म्हणणं लगेच पटेल.

[दृश्य: झाकण उघडतं. आतल्या बाजूवर तिरका प्रकाश.]

इथे बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला कडेने एक चकचकीत चंद्रकोर उठली आहे. कुणी कोरलेली नाही. वर्षानुवर्षं आतलं वजन तिथे घासत आलंय. काका चिमट्याच्या टोकाने वजनाची कड हलकेच उचलतात. ती सुटलेल्या दातासारखी वरखाली होते. मधलं बेअरिंग झिजलंय.

सापडला दोष, असं आम्हाला वाटलं. काका म्हणाले, ‘हा एक दोष झाला. घड्याळ यानेच थांबतं, हे कुठे ठरलं?’

[दृश्य: मधला स्क्रू सुटतो. वजन बाजूला.]

वजनावर लिहिलंय 7009ए, हा मशीनचा नंबर, आणि शेजारी ‘सेव्हन्टीन ज्वेल्स’. ज्वेल्स म्हणजे कृत्रिम माणकं. चाकांच्या आसांची टोकं त्यात फिरतात, म्हणून झीज कमी होते. वजन काढल्यावर काका बॅरलवरच्या, म्हणजे स्प्रिंगच्या डबीवरच्या, चाकाचा स्क्रू पेचकसाने फिरवून स्प्रिंग हातानेच भरतात, सावकाश, मोजून आठ फेरे. बॅलन्स, म्हणजे मागेपुढे डुलत वेळ मोजणारं चाक, जोरात झोके घेऊ लागतो. मशीन टायमिंगच्या, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या, यंत्रावर ठेवलं. सेकंदाला सहा टिकटिक, तासाला 21,600. पडद्यावर दोन रेषा जवळजवळ सरळ, समांतर चालल्या आहेत. बॅलन्सचा झोका 240 अंशांच्या आसपास. एवढ्या वयाच्या सेकोला हा झोका चांगलाच म्हणायचा. मग काकांनी त्यावर काचेची वाटी पालथी घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

[दृश्य: दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वाटी. आत बॅलन्स.]

अजून चालतंय.

पूर्ण भरलं तर हे मशीन चाळीसेक तास चालायला हवं, आणि त्या वाटेवर ते व्यवस्थित आहे. म्हणजे स्प्रिंग धड, बॅरल धड, पुढची चाकं आणि बॅलन्स धड. दुखणं आहे ते भरण्याच्या बाजूला. ‘मशीन बदला’ या सल्ल्याने जे फेकून दिलं असतं, त्यातला बहुतेक भाग एका रात्रीत निर्दोष सुटला. टेबलावरच्या सगळ्या कामात मला ही रात्रच सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिला अवजार लागलं ते एक पेचकस आणि एक वाटी.

[दृश्य: भिंगातून. वरचा ब्रिज, म्हणजे चाकांना धरून ठेवणारी पट्टी, उचलला जातो.]

हीच ती सेकोची मॅजिक लिव्हर, 1959 सालची युक्ती. चिंबोरीच्या दोन नांग्यांसारखा हा पातळ पत्रा बघा. वजन फिरलं की त्याच्याखालचं चाक फिरतं. त्या चाकावर मध्यापासून जरा बाजूला एक खिळा आहे, तो पत्र्याला मागेपुढे हलवतो. पुढे जाताना एक नांगी बारीक दात्यांचं चाक ढकलते, मागे येताना दुसरी तेच चाक ओढते. वजन डावीकडे फिरो की उजवीकडे, दात्यांचं चाक फिरतं एकाच दिशेने. इतके थोडे भाग आणि एकही हालचाल वाया नाही.

आता नांग्यांची टोकं बघा. तपकिरी, चिकट थर. मागे कुणीतरी दुरुस्ती करताना इथे भरपूर तेल सोडलं, ते वाळून डिंकासारखं झालं. एक नांगी दात्यात नीट बसतच नाही, घसरते. त्यात वर डुगडुगणारं वजन झाकणाला घासून अडखळतंय. दोन्ही मिळून दिवसभरात स्प्रिंग जेमतेम पहाटेपर्यंत पुरेल एवढीच भरते.

[दृश्य: काचेच्या बशीत व्हाइट पेट्रोल. ब्रश. फुंकणी.]

दोन्ही चाकं, पत्रा, ब्रिज पेट्रोलमध्ये धुऊन निघाले. टोकं झिजलेली नाहीत, नुसती माखलेली होती. तेल मात्र आता सुईच्या टोकावर मावेल इतकंच, तेही खिळ्याला.

[दृश्य: खण उघडतो. बंद पडलेली शेकडो मशीनं.]

वजनाचं बेअरिंग त्यातच ठोकून बसवलेलं असतं, ते सुटं बदलता येत नाही. मग हा खण. एचएमटी, सेको, सिटिझन. काका दहा-बारा मशीनं हातात घेऊन कानाशी हलवतात, बाजूला ठेवतात, पुन्हा एक उचलतात. शेवटी एका 7009चं वजन डुगडुगत नाही. तेच चाचांच्या घड्याळात गेलं. झाकणाचं रबरही बदललं, जुनं नखाने चुरा होत होतं. काकांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. हा खण पुढे कोण उघडेल, ते ठरलेलं नाही.

[दृश्य: चाचा काउंटरवर. घड्याळ हातात.]

दोन रात्री घड्याळ दुकानातच तपासून झालंय. काका एक सूचना देतात: तारीख बदलायची ती सकाळी. रात्री 9 ते पहाटे 4 त्याला हात लावायचा नाही. तेव्हा आतले दाते तारखेच्या चकतीत गुंतलेले असतात, मोडतात.

मग चावी अर्धी ओढून ते वार लावू लागतात. चकतीवर प्रत्येक वार दोनदा येतो, एकदा इंग्रजीत, एकदा अरबीत.

‘कुठला ठेवू, चाचा?’

‘अरबीच राहू दे. पहिल्यापासून तोच आहे.’

[दृश्य: मनगट. सेकंदकाटा. आवाज फक्त घड्याळाचा.]