पावसाळ्यानंतर मुलांची एटीव्ही सुरू होत नाही? आधी दोरी पाहा, कार्बोरेटर नंतर

नमस्कार. माझ्या शेजारी उभी असलेली ही लाल गाडी माझ्या भाच्याची आहे. चार जाड टायर, अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलरेटर आणि ११० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन असलेली ही मुलांची एटीव्ही, म्हणजे शेत-माळासारख्या कच्च्या जमिनीवर चालवायची गाडी, जूनच्या सुरुवातीला शेतावरच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. दसऱ्याच्या सुट्टीत ती बाहेर काढली, तेव्हा सेल्फ फिरत होता, पण इंजिन काही केल्या पेटत नव्हते. आज ही गाडी तुमच्यासमोर टप्प्याटप्प्याने तपासून सुरू करायची आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. मोठ्यांच्या मोटारसायकलीपेक्षा मुलांच्या या गाडीत इंजिन बंद पाडण्याची साधने जास्त असतात, आणि ती मुद्दाम बसवलेली असतात. किल्ली आहे, हँडलवरचा लाल स्विच आहे, मूल खाली पडले तर इंजिन थांबावे म्हणून मागे लावलेली, दुसरे टोक मुलाच्या मनगटाला बांधायची दोरी आहे, आणि काही गाड्यांत पालकांच्या हातात राहणारा रिमोटही असतो. त्यामुळे ‘गाडी बिघडली’ असे आपण म्हणतो तेव्हा कित्येकदा यांपैकी एखादे साधन आपले काम चोख करत असते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा, की सेल्फ फिरतो का? बटण दाबल्यावर काहीच हालचाल होत नसेल, तर ब्रेकचा लिव्हर दाबलेला आहे का आणि गाडी न्यूट्रलमध्ये आहे का ते पाहावे, कारण बहुतेक मॉडेलमध्ये या अटी पूर्ण झाल्याशिवाय सेल्फला वीज पोचतच नाही. त्यानंतर फ्यूज आणि बॅटरी पाहावी. ही बॅटरी १२ व्होल्टची आणि आकाराने अगदी लहान, साधारण ४ ते ५ अँपिअर-अवरची असते. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मीटरवर १२ च्या खाली आकडा दिसला, तर तिला छोट्या चार्जरवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास सावकाश चार्ज करावे. मोटारीच्या मोठ्या चार्जरने घाई केल्यास ती गरम होऊन कायमची निकामी होऊ शकते. नुसता ‘टक’ असा आवाज येत असेल, तर बॅटरीची टर्मिनले आणि चासीला जोडलेली अर्थची तार पॉलिश पेपरने घासून घट्ट करावी.

आमच्या गाडीत मात्र सेल्फ फिरतो आहे. याचा अर्थ शोध दुसऱ्या दिशेने घ्यायचा आहे: ठिणगी आहे का, आणि पेट्रोल पोचते आहे का.

ठिणगीची चाचणी अशी करावी. प्लग काढून तो पुन्हा त्याच्या कॅपमध्ये बसवावा, त्याचा आट्यांचा धातूचा भाग इंजिनच्या बाहेरच्या धातूच्या पात्यांना (फिन्सना) टेकवावा आणि सेल्फ मारावा. प्लग काढलेल्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून दूर ठेवावी, आणि हे काम मोकळ्या हवेत, मुलांना लांब उभे करूनच करावे. निळसर, ठळक ठिणगी दिसली की विजेचा भाग ठीक आहे असे समजावे. आमच्याकडे ती अजिबात दिसली नाही.

आता इथेच मला थोडे थांबायचे आहे, कारण चूक नेमकी या ठिकाणी होते. यांतल्या बहुतेक गाड्यांत प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या सीडीआयच्या काळ्या डब्यातून एक तार, बहुधा काळी-पांढरी, स्विचांकडे जाते, आणि ती तार चासीला टेकली की ठिणगी थांबते. म्हणजे चालू राहण्यासाठी ही तार मोकळी असावी लागते. पावसाळ्याची ओल, धुताना पाइपने मारलेले पाणी किंवा समुद्रकिनाऱ्यावरची खारी हवा स्विचच्या आत शिरली, की ही तार आतल्या आत चासीला टेकत राहते आणि इंजिनला वाटते की कुणीतरी त्याला थांबवले आहे. काही महिन्यांपूर्वी हीच गाडी आम्ही एका गॅरेजमध्ये दिली होती, तेव्हा तिथल्या कारागिराने ती तार सरळ कापून टाकली आणि ‘डायरेक्ट केली आहे, आता त्रास नाही’ असे सांगून परत दिली. गाडी लगेच सुरू झाली, हे खरे. परंतु त्यानंतर लाल स्विच दाबला तरी ती थांबेना, दोरी ओढली तरी थांबेना, किल्ली फिरवली तरीही नाही. बारा वर्षांचे मूल त्या गाडीवर बसले असते आणि ॲक्सिलरेटर अडकला असता, तर तिला थांबवायला कोणतेच साधन उरले नव्हते. ती तार मी त्याच संध्याकाळी पुन्हा जोडली.

ती तार सीडीआयच्या जोडावरून क्षणभर सोडवणे ही चाचणी म्हणून योग्य आहे. सोडवल्यावर ठिणगी आली, तर दोष स्विचांत आहे हे सिद्ध होते. आमच्याकडे ती आली. मग हँडलवरचा स्विच उघडला, आतली हिरवट गंजलेली पाती कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून वाळवली, दोरीच्या टोकाची टोपी गाडीवर जिथे बसते तिथला चिखल काढला आणि तार पुन्हा जागेवर लावली. ठिणगी परत आली. स्विच साफ होण्यापलीकडे गेला असेल, तर नवा बसवावा. तो या गाडीतला सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे.

एवढे होऊनही गाडी फक्त चोक ओढल्यावरच चालत होती आणि चोक सोडताच बंद पडत होती. हे लक्षण अतिशय बोलके आहे. इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे कार्बोरेटरचा स्लो जेट, म्हणजे कमी वेगावर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, तुंबणे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. चार महिने कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. स्लो जेटचे भोक केसाएवढे बारीक असल्यामुळे ते सर्वांत आधी बंद होते. कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करावा, जुने पेट्रोल बाटलीत काढावे, वाटी उघडून जेट बाहेर काढावा आणि कार्ब क्लीनर व हवेच्या दाबाने स्वच्छ करावा. जेटमध्ये सुई किंवा जाड तार घालू नये, कारण भोक मोठे झाले की त्याचे माप कायमचे बिघडते. जेट स्वच्छ असूनही तोच त्रास राहिला, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडाला तडा गेला आहे का ते पाहावे, कारण तिथून जास्तीची हवा आत ओढली जाते.

आमच्या गाडीत आणखी एक गंमतीशीर गोष्ट निघाली. दहा मिनिटे चालून ती बंद पडायची, आणि टाकीचे झाकण उघडून लावले की पुन्हा चालायची. झाकणाच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, त्यामुळे टाकीत हवा शिरत नव्हती आणि पेट्रोल खाली उतरत नव्हते. शेतावर ठेवलेल्या गाडीची प्रत्येक उघडी नळी आणि सायलेन्सरचे तोंड यासाठी पाहावे, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापूस-चिंध्या भरल्या नाहीत ना, हेही पाहावे.

हे इंजिन परके समजून घाबरण्याचे कारण नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ११० सीसी एटीव्हींचे इंजिन होंडाच्या जवळजवळ आडव्या सिलिंडरच्या घराण्यातले आहे, आणि त्याच घराण्याचे इंजिन आपल्याकडे १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० मधून आले व पुढे स्प्लेंडरमधून गावोगाव पोचले. स्प्लेंडरचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करणारा कारागीर हे कामही करू शकतो. फक्त फट किती ठेवायची ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून त्याला सांगावे. बऱ्याच मॉडेलांत ती इंजिन थंड असताना ०.०५ मिलिमीटर असते. ऑइलही मोटारसायकलचेच, जासो एमए प्रतीचे (ओल्या क्लचसाठीचे जपानी मानक, डब्यावर JASO MA असे छापलेले) घालावे, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. ऑइल एक लिटरपेक्षाही कमी मावते आणि कित्येक मॉडेलांत कागदी फिल्टर नसून केवळ जाळी असते, त्यामुळे नव्या गाडीचे पहिले ऑइल पहिल्या काही तासांतच बदलणे चांगले.

इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी मुलाला देण्याजोगी झाली, असे नाही. टायरमधली हवा पाहा. या टायरना बहुधा २ ते ५ पीएसआय एवढीच हवा लागते. नेमका आकडा टायरवर किंवा गाडीच्या पट्टीवर छापलेला असतो. पंपावरचा मीटर एवढा कमी दाब नीट दाखवत नाही आणि मोटारसायकलच्या सवयीने तीस पीएसआय भरले तर टायर फुटू शकतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा आणि पायाने मारायच्या पंपाने थोडी थोडी हवा भरावी. मागची दोन्ही चाके बहुधा एकाच अखंड ॲक्सलवर असतात. एका टायरमध्ये हवा कमी असली, तर गाडी सतत एका बाजूला ओढते आणि लहान हातांना ती सावरता येत नाही.

पुढची चाके जमिनीवरून उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहावीत. खडखड झाली तर हँडलचे वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचे जोड किंवा बेअरिंग झिजले आहे. चाकाच्या नटाला स्प्लिट पिन आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. चेन पुस्तिकेत दिली असेल तेवढीच ढिली ठेवावी. ताणून बसवली तर ॲक्सलची बेअरिंग खराब होते.

ॲक्सिलरेटर दाबून सोडल्यावर खटकन मागे आला पाहिजे. इंजिन चालू असताना हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, आणि आवाज जराही वाढला तर केबल ताणली जाते आहे असे समजून तिचा मार्ग दुरुस्त करेपर्यंत गाडी चालवू नये. ॲक्सिलरेटरच्या घरावर वेग मर्यादित करणारा एक स्क्रू असतो. मूल कितीही आग्रह करो, तो मी बराच आत ठेवला आहे. अमेरिकेत या वाहनांची वयानुसार वर्गवारी आहे, आणि दहा वर्षांवरील मुलांच्या वर्गातही गाडी ताशी १५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरच्या मर्यादेवर बांधूनच विकली जाते. तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळा वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवूच नये असे सांगते. हा सल्ला माहीत असूनही ज्या घरांत अशी गाडी आहे, आणि माझ्या बहिणीचे घर त्यांपैकीच एक आहे, तिथे हेल्मेट, बंद बूट, मागे दुसरे मूल न बसवणे आणि गाडी शेताच्या बांधाबाहेर, रस्त्यावर न नेणे या गोष्टींना सूट असू शकत नाही.

आता शेवटची चाचणी. गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडलचा ब्रेक लॉक केलेला आहे. दोरीचे एक टोक माझ्या मनगटाला बांधले आहे आणि टोपी जागेवर आहे. सेल्फ मारतो. इंजिन पेटले, चोक बंद केला, आवाज स्थिर आहे. आता मी मूल पडल्यासारखा बाजूला सरकतो.

[दोरी ताणली जाते, टोपी निघते, इंजिन थांबते.]

थांबले. हे आणखी दोनदा करून पाहतो, लाल स्विच आणि किल्लीनेही इंजिन बंद होते याची खात्री करतो, आणि मग भाच्याला हाक मारतो.