घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी

नमस्कार श्रोतेहो.

आज सिनेमाबद्दल बोलायचं आहे, पण डोळ्यांपेक्षा कानांच्या भरवशावर. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बाहेरून येऊन वसलेल्या लोकांवर गेल्या साठ वर्षांत कितीतरी चित्रपट निघाले. इटालियन, ग्रीक, पोलिश, चिनी, व्हिएतनामी, लेबनीज, सामोअन, आणि अलीकडे आपले भारतीय. हे चित्रपट खरे की खोटे, हे लोक सहसा चेहऱ्यांवरून आणि कपड्यांवरून ठरवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. जेवायला बसल्यावर कोण कुठल्या भाषेत बोलतं, त्याला उत्तर कुठल्या भाषेत मिळतं आणि पडद्याच्या तळाशी कुणाच्या बोलण्याचं भाषांतर येतं, एवढं टिपलं की सिनेमा त्या घराच्या आत बसलाय की खिडकीतून डोकावतोय, हे लगेच कळतं.

या देशांत भाषा हा कधीच नुसता बोलण्याचा मामला नव्हता. १९०१ साली ऑस्ट्रेलियानं कायदा केला आणि गोऱ्या नसलेल्या माणसाला बंदरावरूनच परत पाठवण्याची सोय करून ठेवली. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही. अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवणार आणि आलेल्यानं तो लिहून काढायचा, बस्स. पण उतारा युरोपातल्या कुठल्या भाषेतला, हे अधिकारी ठरवणार! तुम्हाला इंग्रजी येत असेल, तर तो दुसरीच एखादी भाषा काढणार. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा नाझीविरोधी पत्रकार आला. त्याला अनेक भाषा येत होत्या, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली. प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं आणि तिथे सरकार हरलं. ही परीक्षा बंद व्हायला १९५८ साल उजाडलं. नापास करण्यासाठीच भाषा वापरणाऱ्या देशाच्या सिनेमात कोण कसं बोलतं, याकडे कान देऊन ऐकायलाच हवं.

सुरुवात १९६६ च्या ‘दे आर अ वियर्ड मॉब’पासून करू. दिग्दर्शक मायकेल पॉवेल, इंग्लंडचे. नीनो हा इटालियन पत्रकार सिडनीत येतो आणि गवंड्याच्या हाताखाली मजुरी करतो. इंग्रजी शिकलाय पुस्तकातून. दारूच्या गुत्त्यात त्याला सांगतात, ‘आता शाऊट तुझा.’ शाऊट म्हणजे ओरडणं, एवढंच त्याला ठाऊक. तिथे मात्र त्याचा अर्थ सगळ्यांच्या पेल्यांचे पैसे देण्याची पाळी. चित्रपट मायाळू आहे, तिथे खूप चाललाही. पण ज्या कादंबरीवर तो बेतला, तिच्यावर लेखक म्हणून नीनो कुलोटा हे नाव छापलं होतं आणि लिहिणारे होते जॉन ओ’ग्रेडी, आयरिश वळणाचे ऑस्ट्रेलियन औषधविक्रेते. स्थलांतरिताचा आवाज यजमानानं काढलेला. म्हणून सगळा भर नीनोनं काय शिकायचं यावर आहे. त्याच्याकडून कुणी काय शिकावं, हा प्रश्न तिथे फारसा येत नाही.

पुढच्या चित्रपटाशी आपलं, निदान कोल्हापूरकरांचं, नातं लागतं. १९८४ चा ‘सिल्व्हर सिटी’. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात आलेल्या पोलिश निर्वासितांची छावणी, तिथली पत्र्याची घरं आणि तिथली एक प्रेमकथा. सरकारचा करार असा, की दोन वर्षं सांगू तिथे, सांगू ते काम करायचं. घरी डॉक्टर असलात, वकील असलात, तरी कागदावर पुरुष ‘मजूर’ आणि बाई ‘घरकामगार’. नवरा एका राज्यात कामावर आणि बायकापोरं दुसरीकडच्या छावणीत, असे संसार कितीतरी होते. नायिका झालेली गोशा दोब्रोवोल्स्का तेव्हा पोलंडहून नुकतीच आली होती. तिच्या इंग्रजीतला हेल कुणी शिकवलेला नव्हता आणि ते कानाला कळतं.

दिग्दर्शिका सोफिया तुर्कीएविच यांचा जन्म उत्तर ऱ्होडेशियातला, म्हणजे आजच्या झांबियातला. त्यांच्या आईला सोव्हिएत राजवटीनं सायबेरियात हाकललं, तिथून सुटून ती इराणमार्गे आफ्रिकेत पोहोचली. त्याच लोंढ्यातले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले आणि सातशे तेहेतीस मुलं १९४४ मध्ये न्यूझीलंडच्या पाहिआतुआला गेली. वाट एकच, उतरायचे थांबे वेगळे. तुर्कीएविच यांनी २०१३ मध्ये आईवर ‘वन्स माय मदर’ हा माहितीपटही केला. वळिवड्याचं नाव ज्यांनी ऐकलंय, त्यांनी हे दोन्ही चित्रपट जोडीनं पाहावेत.

आता जरा बैठक मारू, कारण २००० सालच्या ‘लुकिंग फॉर अलिब्रांडी’त ऐकण्यासारखं खूप आहे. मेलिना मार्केटा यांनी स्वतःच्याच कादंबरीवरून पटकथा लिहिली. सिडनीतली जोसी, तिची आई आणि सिसिलीहून आलेली आजी. चित्रपटात टोमॅटोचा दिवस येतो. वर्षाचा सॉस घालायला सगळं खानदान परसात जमतं. आपल्याकडे वाळवणाला गल्ली जमते, तसंच हे.

हे काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे त्या दृश्यातली घाई समजेल. पिकलेले लांबट टोमॅटो धुवायचे, नासका भाग कापून टाकायचा. यंत्रात घातले की साली-बिया एकीकडे पडतात आणि रस दुसरीकडे. साली पुन्हा एकदा फिरवायच्या, कारण दाट रस सालीलगतच असतो. बाटलीत बेसिलचं एक पान, वर रस, आणि तोंडापाशी दोन बोटं जागा मोकळी. ती ठेवली नाही तर उकळताना बूच उडतं. मग मोठ्या पिंपात तळाला गोणपाट, बाटल्यांच्या मधे चिंध्या, वर पाणी, खाली जाळ. चिंध्या विसरल्या तर बाटल्या एकमेकींवर आपटून फुटतात. उकळून झाल्यावर त्या पाण्यातच रात्रभर निवू द्यायच्या. गरम बाटली वाऱ्यावर काढली की तडकलीच. आणि बूच सैल राहिलं, तर महिन्याभरात सॉस आंबतो.

या सगळ्यात तीन पिढ्या एकाच वेळी बोलत असतात आणि इथेच कान द्यायचे. ऑस्ट्रेलियातल्या इटालियन लोकांची भाषा ते गाव सोडून निघाले त्या वर्षाशी थांबलेली, आणि मग तिच्यात इंग्रजी मिसळलेली. कुंपणाला ते ‘फेन्सा’ म्हणू लागले, शेताला ‘फार्मा’, कारखान्याला ‘फात्तोरिया’. आता इटलीत फात्तोरिया म्हणजे शेतमळा! इटलीहून नवा आलेला माणूस ऐकून गोंधळतो की ही बाई मळ्यात कामाला जाते की गिरणीत. चित्रपटातली आजी एलेना कोत्ता या इटलीतल्याच अभिनेत्रीनं केली. काम अप्रतिम. पण अशा निवडीत एक धोका असतो. मायदेशातून आणलेल्या नटाची भाषा फार स्वच्छ येते, तिच्यावर परदेशातल्या पन्नास वर्षांचं पुट चढलेलं नसतं. ते पुट लेखकानं आणि शिकवणाऱ्यानं मुद्दाम चढवावं लागतं.

मेलबर्नच्या ग्रीक वस्तीतला ‘हेड ऑन’ १९९८ चा, दिग्दर्शन आना कोकिनोस यांचं. तिथे घरातला संताप ग्रीकमध्ये आणि पळवाट इंग्रजीत. कडक चित्रपट आहे, मुलांसोबत पाहू नका.

आणि १९९६ चा ‘फ्लोटिंग लाइफ’. क्लारा लॉ यांचा. हाँगकाँगचं चॅन कुटुंब सिडनीच्या उपनगरात मुलीच्या घरी येतं. ही मुलगी, बिंग, आधी एकटी आलेली. एकटेपणानं तिला इतकं घाबरट करून सोडलंय की ती आल्या दिवसापासून घरच्यांना धाक घालते. उन्हात जाऊ नका, कर्करोग होतो. कोळी विषारी आहेत. कुत्री अंगावर येतात. लखलखीत, रिकामं, पांढरं घर आणि त्यात दबक्या आवाजातली कँटोनीज. बिंग कोसळते तेव्हा आई उदबत्त्या पेटवून पूर्वजांपुढे बसते आणि त्यांच्याशी बोलते. या घरात तोवर पूर्वजांना जागाच नव्हती. स्थलांतरावर मी ज्या दृश्यांचं नाव घेईन, त्यांत हे पहिलं. इंग्रजीबाहेरच्या चित्रपटांसाठीच्या ऑस्करला ऑस्ट्रेलियानं पाठवलेला हा पहिला चित्रपट. ज्या देशानं भाषेची परीक्षा लावून चिन्यांना दारातून परतवलं, त्याचं नाव कँटोनीज बोलणाऱ्या चित्रपटावर लागलं.

न्यूझीलंडकडे वळू. बाहेरून येणाऱ्या चिनी माणसांवर तिथे १८८१ पासून डोईपट्टी होती, माणशी दहा पौंड, आणि १८९६ मध्ये ती शंभर पौंड झाली. सरकारनं त्याबद्दल माफी मागितली २००२ मध्ये. लिऑन नार्बी यांचा १९८८ चा ‘इलस्ट्रियस एनर्जी’ ओटागोच्या उजाड डोंगरात सोनं शोधणाऱ्या अशाच चिन्यांचा आहे. कर्ज फिटल्याशिवाय घरी जाता येत नाही आणि सोनं सापडल्याशिवाय कर्ज फिटत नाही.

तिथला मोठा समाज मात्र पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांचा. कारखान्यांना हात हवे होते तेव्हा त्यांना बोलावलं आणि १९७० च्या दशकात मंदी आल्यावर पहाटे पोलीस घरात घुसवून परवाने तपासले. मुदत संपूनही राहिलेल्यांत ब्रिटन-अमेरिकेचेही खूप होते, धाडी पडल्या त्या बेटवाल्यांवर. याची माफी २०२१ मध्ये आली.

सिमा उराले या सामोअन दिग्दर्शिकेचा ‘ओ तामाइती’ हा १९९६ चा लघुपट, काळापांढरा, पाव तासाच्या आसपासचा. व्हेनिसला त्याला लघुपटांचं पहिलं पारितोषिक मिळालं. कॅमेरा लहान मुलाच्या उंचीवर, त्यामुळे मोठ्या माणसांचे पाय, हात, कमरा दिसतात. शीर्षकाचा अर्थ ‘मुलं’. सामोअन भाषेत एक गंमतीची, खरं म्हणजे फार महत्त्वाची गोष्ट आहे. चर्चमध्ये, शाळेत, लेखनात ‘त’ म्हणतात. घरात, मित्रांत त्याच शब्दातला ‘त’ ‘क’ होतो. ‘तामाइती’चं ‘कामाइकी’ होतं. म्हणजे एका अक्षरावरून कळतं की बोलणारा पाहुण्याशी बोलतोय की भावाशी. पडद्यावरच्या इंग्रजी ओळीत हे उतरूच शकत नाही, ते फक्त ऐकावं लागतं.

याच उराले यांनी २००८ मध्ये ‘एप्रन स्ट्रिंग्ज’ केला, दक्षिण ऑकलंडमधल्या एका गोऱ्या आणि एका भारतीय घराचा. सहलेखिका शुची कोठारी मूळ अहमदाबादच्या, ‘फिराक’च्या लेखनात नंदिता दास यांच्यासोबत होत्या त्याच. दुरावलेल्या दोन बहिणी, एक दूरदर्शनवर नटून स्वयंपाक दाखवणारी, दुसरी छोटं दुकान चालवणारी. एकाच फोडणीचे दोन उच्चार त्यात ऐकू येतात. २०१५ च्या ‘अनइंडियन’मध्ये ब्रेट ली नवख्यांना ऑस्ट्रेलियन इंग्रजी शिकवतो. करमणूक ठीक आहे, पण शिकण्याची दिशा अजून नीनोच्याच वेळची.

असे संवाद बिघडतात कुठे, तेही सांगतो. अनुदान देणारी मंडळं इंग्रजी वाचतात, म्हणून पटकथा आधी इंग्रजीत होते. मग कुणीतरी तिचं भाषांतर करतं आणि आजी वर्तमानपत्रासारखी बोलू लागते. उपाय जुनाच आहे. पानावर दोन रकाने करायचे, समाजातल्या वयस्क माणसांना बसवून मोठ्यानं वाचायचं, अडखळलं की तिथेच वाक्य मोडायचं. प्रत्येक ओळ एकदा सावकाश आणि एकदा रोजच्या वेगात ध्वनिमुद्रित करून नटाला द्यायची. दुसरी चूक संकलनाच्या टेबलावर होते. संकलकाला भाषा येत नसेल तर तो क्रियापदाच्या आधीच कापतो. वेळ आणि शब्द जुळवलेला तक्ता त्याच्यापुढे असलाच पाहिजे.

तिसरी अडचण जागेची. तळाशी दोनच ओळी मावतात, रोमन लिपीत ओळीला साधारण बेचाळीस अक्षरं. वाचणारा सेकंदाला सतराएक अक्षरं वाचतो असं धरतात. आजी चार सेकंदांत पंचवीस शब्द झाडते, खाली येतात जेमतेम बारा. आणि गाळलं जातं ते काय? हाक, शिवी, म्हण, ‘अगं माझ्या बाई’. म्हणजे नातंच गाळलं जातं.

म्हणून फिल्म सोसायटीवाल्यांना एक प्रयोग सुचवतो. जेवणाचं एक दृश्य निवडा, तीन मिनिटांचं. पहिल्यांदा पडदा झाकून फक्त ऐका आणि आवाज कुठे चढतो, कुठे भाषा बदलते ते कागदावर लिहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त खालच्या ओळी वाचा. तिसऱ्यांदा दोन्ही. मग कागद पुढ्यात घेऊन बोला. ऐकताना चार माणसं होती आणि वाचताना दोनच उरली असतील, तर उरलेली दोघं कुठे गेली ते शोधा. सुरुवात ‘ओ तामाइती’पासून करा. लहान आहे, एका संध्याकाळी दोनदा पाहून होतो.

नमस्कार.