लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, तरी गाडी वाकडी का बसते?

नमस्कार मंडळी. मागे पिटवर उभी आहे ती मर्सिडीज डब्ल्यू 124. भारतात जोडणी झालेली पहिली मर्सिडीज हीच, 1995 साली, आपल्या पुण्यात. आज तिच्याकडे बघायचं कारण वेगळं आहे. मालकाने हौसेने लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, बसवून घेतल्या. डबीवर लिहिलंय, पुढे-मागे 30 मिलिमीटर खाली. प्रत्यक्षात पुढचं नाक वर आहे, मागची बाजू टेकलीय, आणि डावं-उजवं जुळत नाही.

असं झालं की गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, "साहेब, पुढची अर्धी कॉइल कापून टाकू." नको. अजिबात नको. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा. स्प्रिंगचं टोक त्याच्या वाटीत एका ठरावीक खाचेत बसतं. कापलेलं टोक तिथे नीट बसत नाही. शिवाय कॉइल कमी झाली की स्प्रिंग कडक होते, म्हणजे उंचीसाठी कापायला गेलात आणि राईडही बदलली. आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा दोष स्प्रिंगचा नसतोच. ती कशी बसवली, त्यात असतो.

आधी मोजूया. जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावू नका, कारण टायरची झीज आणि हवा दोन्ही त्यात मिसळतात. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा.

(क्लोज-अप: टेपचं टोक हबकॅपच्या मधोमध)

हवा चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली, डिकीतलं सामान बाहेर, स्टेपनी जागेवर, गाडीत कोणी बसलेलं नको. फरशी समतल आहे ना, हे डोळ्यांनी ठरवू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, एक टोक पुढच्या चाकाशी, दुसरं मागच्या चाकाशी. बऱ्याच पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, आणि आपण तो फरक स्प्रिंगच्या नावावर टाकतो.

पण तीस वर्षांच्या गाडीचं मडगार्ड कधी ठोकून सरळ केलंय, पत्रा बदललाय, सांगता येत नाही. म्हणून मर्सिडीजचे कारखान्यातले लोक उंची मोजताना मडगार्डवर विसंबत नाहीत. ते लोअर आर्मचा कल बघतात, म्हणजे आर्मचं आतलं टोक आणि बाहेरचं टोक यांच्या उंचीतला फरक. आर्म खोटं बोलत नाही.

आता गंमत बघा. जॅकवरून गाडी खाली सोडली की ती लगेच आपल्या खऱ्या उंचीला येत नाही. हवेत लोंबकळताना चाकं थोडी आत ओढली गेलेली असतात, आणि खाली आल्यावर टायर फरशीला धरून ठेवतात. त्यामुळे गाडी वरच अडकते. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, बोनेट आणि डिकी दाबून सोडा, मग मोजा. शिवाय नव्या स्प्रिंग थोडं चालवल्यावर अजून किंचित बसतात. पहिल्याच संध्याकाळी निकाल लावू नका.

तरीही वर राहिली, तर मुख्य संशयित हा बुश, म्हणजे आर्म गाडीला जोडतो तिथली रबरी जोडणी.

(क्लोज-अप: लोअर आर्मचा जुना बुश)

आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी, मध्ये दोघींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या बाजूला पक्की होते. आर्म वर-खाली होतो तेव्हा फिरतं काहीच नाही, रबरच पिळलं जातं. आता विचार करा. गाडी दोन खांबी लिफ्टवर, चाकं खाली लटकलेली, आणि मेकॅनिकने त्याच स्थितीत बोल्ट फुल टाइट केले. गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, रबराला पीळ बसला. ते पिळलेलं रबर आता गाडीला उचलून धरतंय. उंची काही मिलिमीटर जास्त दिसते, आणि रबर लवकर फाटतं ते वेगळंच. या गाडीच्या मागच्या सस्पेंशनला एका बाजूला पाच लिंक, म्हणजे चाक धरून ठेवणारे दांडे, आहेत. दोन्ही बाजूंच्या मिळून दहा. त्यांचे सगळे बुश पिळलेले असतील तर मागे काय होईल, कल्पना करा.

उपाय फुकट आहे. गाडी पिटवर किंवा चार खांबी रॅम्पवर घ्या, वजन चाकांवर असू द्या. बोल्ट सैल करा, गाडी दाबून-हलवून बसू द्या, आणि त्याच स्थितीत टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळा. अँटी-रोल बारच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, जोडण्याही सोडा, नाहीतर एका बाजूचा ताण दुसरीकडे जातो. एक मात्र सांभाळा. पुढच्या लोअर आर्मचे आतले बोल्ट एक्सेंट्रिक आहेत, म्हणजे फिरवले की आर्म सरकतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) त्यांनीच लावतात. सैल करण्याआधी खुणा करून ठेवा, अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाईल.

हे केल्यावरही फरक राहिला, तर मग खरं अ‍ॅडजस्टमेंट. या गाडीत स्प्रिंगच्या वरच्या टोकाला रबराची रिंग असते. तिच्या कडेला बारीक बोंडं दिसतात.

(क्लोज-अप: रिंगवरची बोंडं बोटाने दाखवतो)

पुढच्या रिंगला एक बोंड म्हणजे 8 मिलिमीटर जाडी, दोन म्हणजे 13, तीन म्हणजे 18, चार म्हणजे 23. कारखान्यात याचा हिशेब गुणांवर चालायचा. एसीला इतके गुण, सनरूफला इतके, असं करत बेरीज, आणि त्यावरून कुठली स्प्रिंग आणि कुठली रिंग ते ठरायचं. म्हणजे तुमच्या गाडीला पुढे तीन बोंडांची असेल, तर मित्राच्या गाडीलाही तीच असेल असं नाही. लोअरिंग स्प्रिंग टाकताना जुनीच रिंग परत बसवली जाते, ती कितीची आहे हे कोणी बघतच नाही. वर तीस वर्षांत दबून ती पातळ झालेली.

लक्षात ठेवा, स्प्रिंग आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते, चाक टोकाला असतं. त्यामुळे रिंग 5 मिलिमीटरने पातळ केली की चाकाशी त्याहून जास्त फरक पडतो. एका वेळी एकच पायरी बदला. आणि डावा पुढचा कोपरा खाली असेल, तर उजवा मागचाही तपासा. गाडी तिरक्या कोपऱ्यांवर झुलते. खाट डुगडुगते ना, तसंच; दोष कुठल्या पायात आहे ते वरून कळत नाही. मागच्या रिंगलाही बोंडं असतात, पण भाग वेगळा, पुढची मागे चालत नाही.

इथे आवाज चढवून सांगतो. रिंग बदलायला पुढची स्प्रिंग काढावी लागते, आणि तिच्यात साठलेला जोर माणूस मारू शकतो. हिला आतून प्लेटनी धरून दाबणारा स्प्रिंग कंप्रेसर लागतो. बाहेरून हुक लावायचे कंप्रेसर इथे चालत नाहीत. आर्मखाली जॅक लावून हळूहळू सोडायची पद्धत बघितली असेल. माझ्या पिटवर ती होत नाही. कंप्रेसर नसेल तर काम बाहेर द्या.

उंची जमली की अलाइनमेंट. पुढचं लागून जातं. मागे टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, लावता येतो, पण मूळ लिंकवर कॅम्बर लावायची सोयच नाही. जास्त खाली नेली तर मागचे टायर आतल्या कडेने खातात, मग बाजारातल्या अ‍ॅडजस्टेबल लिंक घ्याव्या लागतात. मागे दोन जण बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा, आणि चाकाच्या कमानीत आत बघा. चकचकीत घासल्याची रेघ दिसली, तर तुम्ही फार खाली गेलात.

कितपत खाली जावं? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून जाता येतं. सोसायटीच्या गेटचा डांबराचा ढीग कुठल्या मापाचा, ते देवाला ठाऊक. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. विम्याच्या क्लेमच्या वेळी हा विषय निघू शकतो, तेव्हा काय लावलंय त्याची कागदपत्रं जपा.

हेडलाइट राहिले. पुढे-मागे उतार बदलला की झोतही सरकतो. भिंतीसमोर गाडी लावून तो शेवटी लावून घ्या, उंची पक्की झाल्यावरच. तुमच्या गाडीचे चारही कोपऱ्यांचे आकडे कॉमेंटमध्ये टाका, आणि रिंगवर किती बोंडं आहेत तेही.