लघवीच्या बाटल्या आणि पोलादी खोली

मंडळी, आज मी एकाच बेटाबद्दल बोलणार आहे. प्रशांत महासागरात मार्शल बेटं आहेत, त्यांतलं रोंगेलॅप. माणसाच्या अंगात गेलेलं किरणोत्सारी द्रव्य कसं मोजतात हे तिथे शिकता येतं, आणि ते मोजायला उशीर झाला की काय होतं, हेही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने याच बेटांतल्या बिकिनीवर ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब उडवला. अंदाज होता सुमारे ६ मेगाटनांचा, स्फोट झाला १५ मेगाटनांचा. प्रवाळाच्या जमिनीची पूड होऊन आभाळात गेली आणि काही तासांनी पूर्वेकडच्या रोंगेलॅपवर पांढरी राख होऊन पडू लागली. ती पिण्याच्या पाण्यात पडली, अन्नावर बसली, पोरं तिच्यात खेळली. लोकांना तिथून हलवेपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते.

क्वाजालीन बेटावरच्या अमेरिकी लष्करी तळावर नेल्यावर आधी अंगावरची राख मोजली. हे त्यातल्या त्यात सोपं. किरण मोजणारा काउंटर अंगाजवळ फिरवायचा, आंघोळ घालायची, पुन्हा फिरवायचा. केस मात्र लवकर स्वच्छ होईनात, कारण ही माणसं आपल्यासारखीच डोक्याला खोबरेल लावणारी, आणि राख तेलात धरून राहिलेली.

पोटात गेलेल्याचं काय? राखेतलं किरणोत्सारी आयोडीन थेट गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. ते किती गेलं हे लघवीतून काढावं लागतं. नमुने घेतले गेले स्फोटानंतर साधारण १६ दिवसांनी, तेही अनेकांची लघवी एकत्र करून. आता इथे जरा थांबा, कारण सगळी गोष्ट या १६ दिवसांत आहे. आयोडीन-१३१ या प्रकाराचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ८ दिवसांचं, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा तरी शिल्लक होता. पण राखेत आयोडीन-१३३ ही होतं. त्याचं अर्धायुष्य जेमतेम २१ तास. १६ दिवसांत त्याच्या साडेतीन लाख भागांतला एखादा भाग उरतो. आयोडीन-१३५ तर त्याच्याही आधी संपतं. बाटलीत सापडलं तेवढंच धरून हिशेब केला गेला. थायरॉइडला बसलेला मोठा मार या अल्पायुषी आयोडीनचा होता, हे पुढे कित्येक वर्षांनी नव्याने गणित मांडल्यावर कळलं. तोवर, १९६३ पासून, मुलांच्या गळ्यात गाठी दिसू लागल्या होत्या. स्फोटाच्या वेळी जी दहा वर्षांखालची होती, त्यांतल्या बहुतेकांना पुढे थायरॉइडचा विकार झाला. लहान मुलाची ग्रंथी इवलीशी. तेवढंच आयोडीन तिच्यात कितीतरी जास्त जाळतं.

१९५७ मध्ये लोकांना रोंगेलॅपवर परत नेलं. बेट राहण्याजोगं आहे, असं त्यांना सांगितलं होतं. मग अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या पथकाने तिथे जाड पोलादी भिंतींची खोली नेली. पोलाद अशासाठी की बाहेरचे किरण अडावेत. आत माणसाला बसवायचं, सोडियम आयोडाइडचा स्फटिक त्याच्याजवळ आणायचा आणि गॅमा किरण ऊर्जेनुसार मोजायचे. आलेखावर १४६० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपाशी (हे किरणांच्या ऊर्जेचं माप) एक शिखर दिसतं. ते पोटॅशियम-४० चं, निसर्गतःच आपल्या सगळ्यांच्या अंगात असलेलं. मोठ्या माणसात सुमारे ४,००० बेकरेल, म्हणजे सेकंदाला तेवढे अणू फुटतात. ६६२ पाशी दुसरं शिखर दिसलं, की ते बॉम्बच्या राखेतलं सीझियम-१३७. राखेतलंच स्ट्रॉन्शियम-९० मात्र या खोलीला दिसत नाही. ते हाडात बसतं, गॅमा सोडत नाही, म्हणून पुन्हा लघवीच्या बाटल्यांकडे वळावं लागतं.

परत आलेल्यांच्या अंगात सीझियम झपाट्याने वाढलं. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार थोडं. नारळाचं झाड पोटॅशियमला भुकेलेलं असतं आणि त्याच्या जागी त्याच्याच जातकुळीतलं सीझियम उचलतं. शहाळं प्या, खोबरं खा, ते अंगात येणार. मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मं सीझियम तीनेक महिन्यांत निघून जातं. पण रोज नवं येत असेल, तर निघून जाण्याला काय अर्थ उरतो?

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचंच. ब्रुकहेवनच्याच अहवालात लिहिलं आहे, की या लोकांच्या इथे राहण्यातून माणसांवरच्या किरणोत्साराची मोलाची माहिती मिळेल. आकडा वाढताना दिसत होता, तो नेमकेपणाने नोंदवलाही जात होता, आणि ज्याचा तो आकडा तो माणूस त्याच नारळाखाली राहत होता. मोजणाऱ्यांचं कौशल्य मी नाकारत नाही. पण वाढता आकडा दिसल्यावर आधी अन्न बदलायला हवं होतं, पुढचा आलेख नंतर.

शेवटी १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच बेट सोडायचं ठरवलं. सरकारी बोट आली नाही. ग्रीनपीसच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजाने त्यांना घरांच्या लाकडांसकट मेजाटो बेटावर पोचवलं.

पुढे प्रयोगांत दिसलं, की झाडांना पोटॅशियमचं खत घातलं तर नारळातलं सीझियम बरंच कमी होतं. त्यानंतरच्या काळात मार्शल बेटांवर अंगातलं सीझियम मोजणाऱ्या नव्या खुर्च्या बसल्या. त्या आता तिथलेच तंत्रज्ञ चालवतात.