एलिझाबेथ बास कोणी रंगवली?

श्रोतेहो, नमस्कार.

अॅम्स्टर्डॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एका वृद्ध स्त्रीचं व्यक्तिचित्र आहे. काळा पोशाख, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्याभोवती जात्याच्या तळीसारखी गोल, चुणीदार कॉलर. बाई खुर्चीत ताठ बसली आहे, हातात रुमाल आहे. ही एलिझाबेथ बास. जन्म १५७१, मृत्यू १६४९. डच आरमारातल्या एका अधिकाऱ्याची विधवा.

१८८० साली हे चित्र संग्रहालयात आलं ते सतराव्या शतकातला थोर डच चित्रकार रेम्ब्रांट याचं म्हणून. लोकांचा या चित्रावर भारी जीव. मग १९११ मध्ये अब्राहम ब्रेडियस यांनी जाहीर केलं, की हे रेम्ब्रांटचं नव्हेच, त्याचा शिष्य फर्डिनांड बोल याचं आहे. ब्रेडियस म्हणजे माउरित्सहाउस संग्रहालयाचे माजी संचालक, मोठा अधिकारी माणूस. एकच गदारोळ उडाला, जाणकारांत तट पडले.

तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेत तपासायचं आणि मोकळं व्हायचं! पण खरी मेख तिथेच आहे. बोल १६३० च्या दशकात रेम्ब्रांटच्या कार्यशाळेत शिकत होता. शिष्यांनी गुरूच्या शैलीत रंगवायचं आणि गुरूने ते विकायचं, ही तेव्हाची सर्वमान्य रीत. कापड तिथलं, रंग तिथलेच, कापडावर पहिला हात देण्याची पद्धतही तीच. चित्र लाकडी फळीवर असतं तर झाडाच्या वर्तुळांवरून फळीचं वय तरी काढता येतं. हे चित्र कापडावर आहे. कापडाचे धागे मोजता येतात, दोन चित्रं एकाच ताग्यातली आहेत का, हेही कधी कधी कळतं. पण त्या ताग्यावर ब्रश गुरूने फिरवला की शिष्याने, हे धागा कसा सांगणार? त्यासाठी शेवटी सरावलेली नजरच लागते.

आणि नजर चुकते. याच ब्रेडियस यांनी १९३७ मध्ये हान फान मेगेरेन या समकालीन चित्रकाराने केलेलं बनावट चित्र सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याची श्रेष्ठ कृती म्हणून गौरवलं होतं. बोलच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं टिकलं. आज या चित्राचं श्रेय बोलला दिलं जातं.

माझं स्पष्ट मत सांगते. नाव बदललं म्हणून हे चित्र उतरलं असं म्हणणं हा बोलवर अन्याय आहे. सत्तरीच्या आसपासच्या बाईचा करारीपणा ज्याने इतका नेमका टिपला, तो तिशीच्या आतबाहेरचा तरुण होता. रेम्ब्रांटचं नाव असेपर्यंत त्याचं कौतुक दुसऱ्याच्याच पदरात पडत राहिलं.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र मोठं करून फुकट पाहता येतं. आधी हात पाहा, मग चेहरा, आणि चित्रकाराचं नाव अगदी शेवटी वाचा.

नमस्कार.