सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन जागचं का हललं नाही

मंडळी, १८ एप्रिल १९०६, पहाटेची ५ वाजून १२ मिनिटं. सॅन फ्रान्सिस्को हादरलं. भूकंपाचं शास्त्र आज बाजूला ठेवू, कारण शहराचा खरा घास घेतला तो आगीनं. पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटलेल्या, त्यामुळे बंब आले तरी पाणी नाही. आग अडवायला म्हणून सुरुंग लावून घरं पाडू लागले, तर त्यातूनच नव्या आगी लागल्या. तीन दिवस हे चाललं. सुमारे ४ लाखांच्या शहरात निम्म्याहून जास्त लोक उघड्यावर आले. चायनाटाउन तर पार बेचिराख झालं.

मला बोलायचंय ते त्यानंतरचं. राख अजून धुमसत होती आणि शहरातल्या बड्या मंडळींचा बेत ठरलाही होता, की चिनी लोकांना या जागेवर परत पाऊल ठेवू द्यायचं नाही.

हा बेत काही भूकंपानं सुचवलेला नव्हता. वस्ती होती शहराच्या ऐन मध्यात. एका अंगाला व्यापारी पेठ, दुसऱ्या अंगाला नॉब हिलवरची श्रीमंतांची घरं. अशा जागेवर डोळा असणारच. १८८२ पासून चिनी मजुरांना देशात यायला कायद्यानंच बंदी होती. १९०० साली इथे प्लेगचा रोगी सापडला, तेव्हा सगळ्या वस्तीला दोर लावून कोंडलं. हद्द आखताना गोऱ्यांची दुकानं तेवढी बाहेर ठेवली. चिनी लोकांना जी लस सक्तीनं टोचायचा घाट घातला होता, ती हाफकिनची, तीन वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत तयार झालेली. लोक कोर्टात गेले आणि सक्ती थांबली. प्लेगच्या बंदोबस्तात रोग कुठे संपतो आणि माणसाचा तिटकारा कुठे सुरू होतो, हे रँडचं पुणे माहीत असलेल्या श्रोत्यांना मी काय सांगणार!

तर १९०६. चिनी निर्वासितांची छावणी इथून तिथे, तिथून आणखी पुढे, अशी ढकलत नेली. प्रेसिडिओच्या लष्करी हद्दीतल्या गोल्फच्या मैदानावर त्यांना ठेवलं, तर आसपासचे रहिवासी म्हणाले, वाऱ्याबरोबर वास येतो. मग रवानगी पार फोर्ट पॉइंटला, खाडीच्या तोंडाशी. इकडे मागे राहिलेल्या ढिगाऱ्यातून लोक चिनी मातीची भांडी आणि ब्राँझच्या वस्तू उपसून नेत होते. त्यात बंदोबस्ताला आलेले नॅशनल गार्डचे शिपाईही होते.

महापौर युजीन श्मिट्झ यांच्या काळात चिनी वस्ती हलवण्यासाठी समिती नेमली गेली. सूत्रं एब रूफ यांच्या हाती. हे गृहस्थ महापौरांना पडद्यामागून चालवायचे, आणि पुढे लाचखोरीपायी तुरुंगात गेले. वस्तीसाठी जागा सुचवली हंटर्स पॉइंटची, शहराच्या आग्नेय टोकाला.

मग घोडं अडलं कुठे? कोणाचं मन द्रवलं असं समजू नका. चिनी वकिलातीचे अधिकारी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पार्डी यांना भेटले आणि त्यांनी सांगितलं, की वाणिज्य दूतावासाची जागा चीन सरकारच्या मालकीची आहे, आम्ही तिथेच बांधणार. व्यापाऱ्यांनी दुसरा खिळा ठोकला: आम्ही सिॲटलला किंवा लॉस एंजेलिसला जातो. हजारो चिनी माणसं आधीच खाडीपलीकडे ओकलंडला जाऊन राहिली होती, म्हणजे धमकी पोकळ नव्हती. चीनशी चालणारा व्यापार आणि जकात दुसऱ्या बंदराला गेली तर काय, हा हिशेब नगरवाल्यांना चटकन कळला. शिवाय बहुतेक प्लॉटांचे मालक गोरे. त्यांना भाडं हवं होतं, आणि चिनी भाडेकरू इतरांपेक्षा जास्त भाडं मोजत. काही आठवड्यांतच समितीचा बेत बारगळला.

आता लुक टिन इली या व्यापाऱ्याकडे येऊ. जन्म कॅलिफोर्नियातला. १८८४ साली, १४ वर्षांचा असताना, चीनहून परतला तेव्हा बंदरावर अडवला गेला. इथे जन्मला म्हणून इथला नागरिक, असा निकाल कोर्टानं दिला तेव्हाच तो उतरू शकला. हा माणूस भूकंपानंतर म्हणाला, वस्ती अशी बांधू की शहरच ती मिरवेल. जुनं चायनाटाउन दिसायला शहरातल्या इतर विटांच्या इमारतींसारखंच होतं, वर कंदील आणि रंगीत सज्जे एवढाच फरक. नव्या वस्तीसाठी टी. पॅटरसन रॉस हे गोरे आर्किटेक्ट आणि ए. डब्ल्यू. बर्गरन हे इंजिनिअर नेमले गेले. कॅलिफोर्निया स्ट्रीट आणि ग्रँट अव्हेन्यूच्या चौकात उभे राहा: समोरासमोर सिंग फॅट आणि सिंग चाँग या दोन बाजारांच्या इमारती. खालून बघाल तर त्या काळच्या कुठल्याही अमेरिकी पेठेतली दुकानाची इमारत, सरळ भिंती, मोठ्या काचा. मान वर केली की कोपऱ्यावर चढवलेला पॅगोडा, टोकं वळलेली छपरं. चीनमध्ये पॅगोडा बौद्ध विहाराच्या आवारात असतो, बाजाराच्या माथ्यावर नव्हे. म्हणून काही अभ्यासक याला नकली म्हणतात. मला ते म्हणणं पटत नाही. ज्यांना हाकलायला समिती बसली होती, त्यांनी पर्यटकाच्या खिशाला आवडेल असा मुखवटा स्वतः पैसे मोजून करून घेतला. यात फसवणूक असेल तर ती फार हुशार फसवणूक आहे.

आणि एक गोष्ट आगीनं केली. सिटी हॉल कोसळला, जळाला. जन्माचे दाखले गेले. वाँग किम आर्क खटल्यात १८९८ साली सर्वोच्च न्यायालयानं जन्मावरून नागरिकत्व मान्य केलेलंच होतं. आता ‘मी इथेच जन्मलो’ असं कोणी म्हटलं तर खोडायला कागद नव्हता. नागरिकाच्या मुलाला प्रवेश मिळे. मग माणूस चीनला जाऊन यायचा, मुलगा झाला अशी नोंद करायचा, आणि ती जागा कोणा शेजाऱ्याच्या पोराला विकली जायची. हे कागदी मुलगे.

सरकारही झोपलेलं नव्हतं. १९१० ते १९४० खाडीतल्या एंजल आयलंड बेटावर, बाहेरून येणाऱ्यांना उतरवायच्या ठाण्यात, उलटतपासणी चाले. तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदळाचं पिंप कुठे? गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? बापाची आणि मुलाची उत्तरं ताडून बघत. पोरं उत्तरांची वही बोटीवर पाठ करत आणि किनारा दिसायच्या आत समुद्रात टाकत. गंमत म्हणजे सख्खे मुलगेही पाठांतर करत, कारण घराच्या पायऱ्या सख्ख्या मुलानं तरी कधी मोजलेल्या असतात!

बंदीचा कायदा १९४३ साली रद्द झाला, तेव्हा कोटा मिळाला वर्षाला १०५ माणसांचा. पुढे १९५६ पासून सरकारनं कबुलीची योजना काढली. एकानं खरं नाव सांगितलं की त्या कागदी घराण्यातले सगळेच उघडे पडत. त्यामुळे पुष्कळांनी तोंड उघडलंच नाही आणि कागदावरचं आडनाव नातवंडांपर्यंत चालवलं.