रबरी दांडी काढण्याआधी

मंडळी, "स्कॅनरला, म्हणजे निरनिराळ्या फ्रिक्वेन्सी धुंडाळून ऐकवणाऱ्या रेडिओला, कोणता अँटेना लावू?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, "ऐकायचंय काय?" विमानं, जहाजं, की हौशी रेडिओवाले? हे ठरल्याशिवाय अँटेनाबद्दल बोलता येत नाही, कारण त्याची लांबी ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवर ठरते.

हिशेब सोपा आहे. 300 ला मेगाहर्ट्झमधल्या आकड्याने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. हातातल्या संचावरच्या उभ्या दांडीला त्याचा पाव भाग पुरतो. विमानांचा बोलण्याचा पट्टा 118 ते 137 मेगाहर्ट्झचा. त्याच्या मध्यावर पाव तरंग 59 सेंटिमीटर भरते; प्रत्यक्षात धातूची दांडी चार-पाच टक्के आखूड ठेवतात, म्हणजे साधारण 56. जहाजं हाक देतात ती सोळावी वाहिनी 156.8 मेगाहर्ट्झवर, तिथे 46 पुरेत. हौशी रेडिओवाल्यांच्या 435 वर गेलात तर सोळा-सतराच.

आता स्कॅनरसोबत आलेली रबरी दांडी हातात घ्या. जेमतेम वीतभर. आत तार सरळ नसते, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. त्यामुळे दांडी खिशात मावते, पण आखूड अँटेना खालच्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल कमी उचलतो आणि ज्या पट्ट्यासाठी गुंडाळलाय त्याच्या बाहेर आणखी मंदावतो. 435 च्या आसपास ऐकणाऱ्याला ती बदलून फारसं काही मिळणार नाही, कारण तिथे वीतभर दांडी पाव तरंगेच्या जवळपास असतेच. विमानं ऐकणाऱ्याला मात्र फरक लगेच कळतो.

तो कसा ऐकायचा ते सांगतो. ओढून लांब होणारी साधी दांडी लावा. मोठ्या विमानतळांवर हवामान आणि चालू धावपट्टी सांगणारा संदेश सतत फिरत असतो. तो अगदी क्षीण येतोय अशा जागी उभे राहा. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय, पूर्ण उघडा, खरखर होऊ द्या. मग दांडीचा एकेक टप्पा ओढा. आधी नुसती खरखर, मग तिच्यामागे माणसाच्या बोलण्याची लय, आणि एका टप्प्यावर धावपट्टीचा आकडा स्पष्ट. त्याच्याही पुढे ओढलंत तर आवाज पुन्हा मागे सरकू लागतो. पडद्यावरच्या सिग्नल दाखवणाऱ्या पट्ट्यांकडे बघू नका. घरातले चार्जर आणि दिवे जो गोंगाट सोडतात त्यानेही त्या पट्ट्या वाढतात. अँटेना चांगला की नाही हे कानाने ठरवायचं: खरखरीच्या वर आवाज किती उठला?

पाव तरंगेच्या दांडीला दुसरा पाय, म्हणजे तिच्या जोडीला धातूचा आणखी एक भाग लागतो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. गाडीच्या टपावर तो पाय म्हणजे टपाचा पत्रा. हातातल्या स्कॅनरला संचाचं लहानसं धातूचं अंग आणि तुमचा हात, एवढंच. संच टेबलावर ठेवला की आवाज बसतो, उचलला की उठतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यावर उपाय साधा आहे. दांडीइतक्याच लांबीची तार घ्या, तिचं टोक कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला घट्ट गुंडाळा आणि तार खाली लोंबू द्या. हौशी रेडिओवाले तिला टायगर टेल म्हणतात. मधल्या पिनला ती लागू देऊ नका. नवा अँटेना घेण्याआधी मी प्रत्येकाला हे करून बघायला सांगतो.

दांडी उभी धरा. विमानं, जहाजं, गाड्या यांच्या तरंगा बहुतांशी उभ्याच असतात. स्कॅनर आडवा ठेवलात तर हातातलं बरंचसं निसटतं.

आणि उंची. या तरंगा जवळजवळ सरळ रेषेत जातात. उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढून 4.12 ने गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. एक मीटरवर चार किलोमीटर, नऊ मीटरवर बारा, दहा हजार मीटरवरच्या विमानाला चारशेच्या वर. म्हणून वैमानिक स्वच्छ ऐकू येतो आणि त्याला उत्तर देणारा जमिनीवरचा नियंत्रक अजिबात येत नाही. तिथे दोष दांडीचा नसतो. खोलीच्या मधून खिडकीपाशी या, जमलं तर गच्चीवर जा. एवढ्याने जे मिळतं ते पुष्कळदा महागड्या अँटेनाने मिळत नाही.

गच्चीवर कायमचा बसवायचा असेल तर डिस्कोन घ्या. वर तबकडी, खाली सुळक्यासारख्या काड्या. 1940 च्या दशकात अर्मिग कांडोयन या अभियंत्याने हा घडवला. तो सिग्नल वाढवत नाही, पण फार रुंद पट्टा सारख्याच नेटाने ऐकतो. एकाच दिशेचं, एकाच पट्ट्यातलं ऐकायचं असेल तर यागी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा ओळीने आडव्या काड्यांचा अँटेना बरा, कारण तो बाकी दिशांकडे पाठ फिरवून एका दिशेला जास्त देतो. फक्त विजेच्या तारांपासून दूर बसवा आणि वादळ येतंय असं दिसलं की केबल काढून ठेवा.

पण हातातला स्कॅनर एवढा सिग्नल सोसेलच असं नाही. मी पहिल्यांदा डिस्कोन जोडला तेव्हा विमानांच्या पट्ट्यात गाण्यांचे तुटके तुकडे येऊ लागले आणि आधी ऐकू येणारी विमानं गप्प झाली. जवळच्या एफएम केंद्राने संचाचा कान बधिर केला होता. अ‍ॅटेन्युएटरचं बटण दाबलं, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी केला, आणि विमानं परत आली. पुढे 88 ते 108 मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर मध्ये घातला, तेव्हापासून ते बटण क्वचितच लागतं.

मागून प्रश्न आलाय: टीव्हीची 75 ओहमची केबल चालेल का, स्कॅनर तर 50 ओहमचा असतो? ऐकण्यापुरती खुशाल चालेल. या फरकामुळे चारेक टक्के शक्ती परत फिरते, ती कानाला कळत नाही. उलट 450 मेगाहर्ट्झच्या आसपास पातळ आरजी-58 केबलच्या दहा मीटरमध्ये निम्म्याहून अधिक सिग्नल जिरतो, आणि टीव्हीची चांगली जाड केबल त्याहून बराच कमी खाते. फक्त संचाच्या तोंडाशी हातभर मऊ, लवचिक तुकडा जोडा. जाड केबलच्या ओढीने स्कॅनरचा इवलासा एसएमए कनेक्टर मुळातून हलतो.